उधाणाआधी बांधावर या

मृग लागायला अजून पंधरवडा आहे. घरोघरी बियाण्याची जमवाजमव चालू असेल. कोपर, आयरे, भोपर, दिवा या खाडीकाठच्या पट्ट्यात जेवढी भातखाचरं उरली आहेत, ती कसणाऱ्यांना यंदा एक कळकळीची विनंती आहे. पेरणीच्या आधी एक दिवस काढा, सगळे मिळून बांधावरून फिरा आणि पाणी कुठून शिरतं, कुठे तुंबतं, ते कागदावर उतरवा.

पाऊस आता थोड्या दिवसांत खूप कोसळतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उल्हास नदीनं कल्याण-डोंबिवलीत काय केलं ते जुन्या मंडळींना आठवतं. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस याच नदीच्या पुरात अडकली. वरचं हे सगळं पाणी शेवटी आपल्या खाडीत येतं. भांगाची भरती असेल तर ते ओसरतं. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर खाडी ते घेत नाही, आणि मग खारं-गोडं एकत्र होऊन खाचरात चढतं. हे गणित आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना पंचांग न उघडता येतं. शहराच्या आराखड्यात मात्र ते उतरत नाही, कारण आराखडा करणारा त्यांच्याशी बोललेलाच नसतो.

मराठवाडा-विदर्भात 2018 पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प चालला. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या त्या प्रकल्पात हवामान बदलाला तोंड देण्याचं नियोजन गावाच्या पातळीवर झालं. ग्राम कृषी संजीवनी समिती, शिवारफेरी, गावाच्या पाण्याचा ताळेबंद, आणि मग कामांची यादी. ठाणे जिल्हा त्यात नव्हता. शिवाय महापालिकेच्या हद्दीत ग्रामसभाच नसते, त्यामुळे शेतकऱ्याला आपलं म्हणणं मांडायला हक्काची जागा उरलेली नाही. म्हणून ती आपणच तयार करायची.

शिवारफेरी ओहोटीच्या वेळी काढा. उघाडीची दारं नीट बसतात का, तळाशी गाळ साचलाय का, ते बघा. बांधाला चिंबोऱ्यांची आणि उंदरांची बिळं असतील तर ती आत्ताच चिकणमातीनं ठासून बुजवा. उधाणाला खांड पडते ती अशाच बिळातून. बांधाबाहेरच्या तिवरांना हात लावू नका. लाटेचा पहिला मार तीच झेलतात, आणि 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालानं त्यांच्या तोडीला बंदीही आहे. रेल्वेच्या भरावाखालच्या मोऱ्या मोजा. कुठे नवा भराव पडून जुना नाला बुजला असेल तर त्या जागेचा फोटो तारखेसह ठेवा. फेरीत बायकांना घ्याच. लावणीला त्याच गुडघाभर चिखलात उभ्या असतात. कुठल्या खाचरात रोप पिवळं पडतं, कुठे पाणी दोन दिवस हलत नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

या सगळ्याचा हातानं काढलेला नकाशा चालेल. त्याच्या प्रती प्रभाग कार्यालयात, तलाठ्याकडे आणि कृषी सहाय्यकाकडे द्या, पोच घ्या. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा हाच कागद जोडा. माझी वसुंधरा अभियानात 2020 पासून महापालिकाही भाग घेतात, तिथेही तो मांडा. ज्यांचा सातबारा अजून आहे त्यांनी ई-पीक पाहणी चुकवू नये. पीकपेऱ्यात जमीन पडीक दिसली की नुकसानीचा पंचनामा अडतो, आणि नियोजन करणाऱ्यालाही तिथे शेती दिसत नाही.

आता बियाण्याचं. खार लागणाऱ्या खाचरात पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-1, पनवेल-2 किंवा पनवेल-3 हे वाण घ्या. गोडं पाणी बरेच दिवस साचत असेल तिथे स्वर्णा सब-1 चा विचार करा; ते रोप साधारण दोन आठवडे बुडून तग धरतं. बी आधी मिठाच्या पाण्यात टाका, दहा लिटरला 300 ग्रॅम मीठ; तरंगेल ते काढून टाका, उरलेलं दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन सावलीत सुकवा. पहिल्याच सरीला घाई नको. दोन-तीन चांगले पाऊस खाचरात साठवून ओहोटीला उघाडीतून सोडून द्या, म्हणजे उन्हाळ्यात वर आलेला खार धुऊन जाईल.

शेवटची गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची. प्रत्येक घरानं थोडं बियाणं बाजूला काढून एका कोरड्या जागी, एकाच्या जबाबदारीवर ठेवावं. जुलैत खांड पडून कोणाची रोपं गेली, तर त्याला मोड आणून रहू पद्धतीनं फेकायला हाताशी बी असेल. हळवं वाण असलं तर उत्तम, उशिरा टाकूनही ते पावसाबरोबर पदरात पडतं.