कर्करोग : उपचार जवळ, तपासणी गावात

मराठवाड्यातील कर्करुग्णांना दीर्घकाळ मुंबईची वाट धरावी लागे. तेथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. प्रवास, मुक्काम आणि बुडणारी मजुरी यांचा भार गरीब कुटुंबांना पेलवत नसे. पुढे बार्शी येथे व २०१२ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे कर्करोग रुग्णालय झाले. जालना शहरापासून उपचार सुमारे ६० किलोमीटरवर आला.

मात्र रुग्णालय जवळ आल्याने रोग लवकर ओळखला जातोच असे नाही. त्यासाठी तपासणी गावात पोहोचावी लागते. उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणी आणि त्यानंतरचे उपचार यांमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले.

२०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तिशी ओलांडलेल्यांची मुख, स्तन व गर्भाशयमुख तपासणी प्राथमिक आरोग्यसेवेत आणली. संकोचापायी ती टळू नये, यासाठी पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत तिची माहिती द्यावी. शिक्षकांनी मुलांना तंबाखूपासून सावध करावे. तोंडातील पांढरा चट्टा वा न भरणारी जखम दिसताच आरोग्य केंद्र गाठले, तरच जवळ आलेले रुग्णालय वेळेवर उपयोगी पडेल.