नवी वॉर चढवली की हिशोबपट्ट्या गायब!

प्रश्न : कळंबला आमची आडत आहे. जावा वेब अ‍ॅपमधून सोयाबीनच्या हिशोबपट्ट्या टॉमकॅट सर्व्हरवर फाइलमध्ये साठवतो. नवी वॉर फाइल चढवली की जुन्या पट्ट्या जातात. काहींत मराठी नावांऐवजी प्रश्नचिन्हे येतात. काय करावे?
– एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : तुमच्या फाइली बहुधा 'गेटरिअलपाथ'ने मिळालेल्या जागी, म्हणजे 'वेबअ‍ॅप्स' फोल्डरमध्येच जातात. नवी वॉर आली की टॉमकॅट अ‍ॅपचे ते फोल्डर काढून नव्याने तयार करतो. म्हणून पट्ट्यांसाठी त्याबाहेर वेगळे फोल्डर करा, त्याचा पत्ता सेटिंगमध्ये ठेवा आणि टॉमकॅट ज्या युजरखाली चालतो त्याला तिथे लिहिण्याची परवानगी द्या. आधी बॅकअप घ्या, मगच पुढची वॉर चढवा.

प्रश्नचिन्हांचे मूळ एन्कोडिंगमध्ये असते. 2022 मध्ये आलेल्या जावा 18 पासून यूटीएफ-8 आपोआप धरले जाते. जुन्या आवृत्त्या सर्व्हरच्या सेटिंगवर चालतात. वाचताना आणि लिहिताना, दोन्हीकडे यूटीएफ-8 स्पष्ट नमूद करा. फाइलमध्येच प्रश्नचिन्ह उमटले असेल तर अक्षर परत मिळत नाही. ती पट्टी मूळ नोंदीवरून पुन्हा काढा.

आणखी एक काळजी घ्या : ब्राउझरकडून आलेले फाइलनाव जसेच्या तसे कधीही वापरू नका. दोन टिंबे आणि तिरकी रेघ घालून कुणीही सर्व्हरवरच्या दुसऱ्या फाइलपर्यंत पोचू शकतो. नाव अ‍ॅपनेच ठरवावे. हिशोबपट्टी हा शेतकऱ्याच्या पैशाचा कागद आहे, तो जपलाच पाहिजे.