पेशींची पकड आणि कॅन्सरचा प्रवास

कॅन्सर म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, एवढं आपण बारावीपर्यंत शिकलोय. पण बऱ्याच पेशंटचा जीव मूळ गाठीमुळे जात नाही. तिथून सुटून लिव्हर, फुफ्फुस नाहीतर हाडात जाऊन वाढलेल्या पेशींमुळे तो जातो. मग पेशी आपली जागा सोडते तरी कशी?

जठराच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. प्रत्येकीच्या पृष्ठभागावर ई-कॅडहेरिन नावाचं प्रोटीन असतं. ते शेजारच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिनला पकडतं आणि आतून पेशीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. आपल्या भाषेत कपलिंगच! या पकडीला कॅल्शियम लागतं. ते काढून घेतलं की पेशी सुट्या होतात.

हे कपलिंग बिघडलं तर काय होतं? न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यानपिढ्या जठराच्या कॅन्सरने माणसं जात होती, काही तर ऐन तारुण्यात. १९९८ मध्ये ओटॅगो विद्यापीठाच्या पॅरी गिलफर्ड यांच्या गटाला, त्या कुटुंबाच्याच मदतीने, दोष सापडला. तो ई-कॅडहेरिनच्या जनुकात होता. आता असा दोष निघालेल्यांना साधारण विशी ते तिशीदरम्यान, गाठ दिसायच्या आधीच, संपूर्ण जठर काढून टाकायचा सल्ला दिला जातो. म्हणजे आपल्याच वयाची मुलं हो! सबमिशनचं टेन्शन घेताना हे आठवलं की कसंतरीच होतं.

पण शेजारणीचा हात सोडला म्हणून पेशी लगेच चालायला लागत नाही. त्यासाठी पायाखाली पकड हवी, आणि ती देतात इंटेग्रिन नावाची प्रोटीन्स. माणसात त्यांच्या २४ जोड्या आहेत. ती बाहेर कोलॅजन, फायब्रोनेक्टिन अशा तंतूंना धरतात आणि आत सांगाड्याला. पुढे नवी पकड घ्यायची, मागची सोडायची, अशी पेशी सरकते. इथे आपलं फ्रिक्शन आलंच. साबण सांडलेल्या बाथरूममध्ये चालता येत नाही, आणि चिखलात पाय रुतला तरी नाही. १९९७ मध्ये हॅमस्टरच्या पेशींवर केलेल्या प्रयोगात नेमकं हेच दिसलं: पकड मध्यम असताना वेग सर्वांत जास्त!

मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते २०१९ च्या एका संशोधनाने. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींतून ई-कॅडहेरिन काढून टाकलं. पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या, हे अपेक्षितच होतं. पण लांबच्या अवयवात गाठी मात्र कमी झाल्या, कारण सुटलेल्या पेशी वाटेतच जास्त मरत होत्या.