वस्तुसंग्रहालयाची सहल : पूर्वतयारी, पाहणी व नोंद

वस्तुसंग्रहालय पाहून आलेल्या मुलास 'काय पाहिलेस?' असे विचारले असता 'पुष्कळ जुन्या वस्तू पाहिल्या' एवढेच उत्तर बहुधा मिळते. यात दोष मुलाचा नसतो. एका दालनातून दुसऱ्या दालनात रांगेने नेलेल्या मुलाच्या डोळ्यांपुढून शंभर वस्तू गेल्या, तरी एकीपाशीही तो थांबलेला नसतो. सहलीचा खर्च होतो, पायपीट होते, डबे खाऊन मुले आनंदाने परततात. परंतु इतिहासाचा पाठ मात्र झालेला नसतो. अमळनेर तालुक्यातील शिक्षकास हा पाठ कसा घेता येईल, याचा विचार येथे केला आहे.

स्थळाची निवड

अमळनेरहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी ठिकाणे थोडी नाहीत. जळगाव येथे २०१२ साली सुरू झालेले गांधीतीर्थ आहे. बहिणाबाई चौधरी यांच्या स्मृती व त्यांच्या वापरातील वस्तू जपणारा वाडाही तेथेच आहे. चाळीसगावी छायाचित्रकार केकी मूस यांचे कलादालन आहे. तथापि जुन्या वस्तूवरून इतिहास कसा उभा राहतो, हे शिकविण्यास धुळे येथील इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळाचा संग्रह विशेष उपयुक्त होय. सडकेने हे अंतर सुमारे ३५ ते ४० किलोमीटर आहे. शिल्पे, नाणी, ताम्रपट, पोथ्या व ऐतिहासिक कागद अशी नानाविध साधने तेथे एकत्र पाहावयास मिळतात. एका दिवशी एकच संग्रह पाहावा. दोन पाहण्याचा लोभ धरल्यास दोन्ही हातचे जातात.

जाण्यापूर्वी

संग्रहालयाची वेळ व सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. शक्य तर शिक्षकाने एकदा एकट्याने जाऊन चार-पाच वस्तू निवडून ठेवाव्यात. मुलांचे सहा-सहांचे गट करावेत व प्रत्येक गटास एक वही आणि शिसपेन्सिल द्यावी. शाई नेऊ नये.

आदल्या दिवशी वर्गात राजवाड्यांची गोष्ट सांगावी. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. वाई येथे सापडलेले १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या रणसंग्रामापर्यंतचे कागद त्यात आहेत. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, घरोघरचे पेटारे उघडवून त्यांनी ही दप्तरे मिळविली. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यास राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच निवर्तले. त्यांच्या पश्चात १९२७ साली धुळेकरांनी त्यांच्या नावाने हे मंडळ स्थापन केले. उद्या पाहावयाच्या वस्तू कोणा राजाने आणून ठेवलेल्या नाहीत. साध्या माणसांनी सांभाळल्या व साध्या माणसांनी गोळा केल्या, म्हणून त्या आज दिसतात, हे मुलांच्या मनावर ठसले पाहिजे.

गणिताच्या तासास शके व इसवी सन यांचा मेळ घालण्याचा सराव द्यावा. शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो. पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष पालटल्यावर ७९ मिळवावे लागतात. शके १५९६ मध्ये ज्येष्ठात शिवराज्याभिषेक झाला. तेव्हा सन कोणता, हे मुलांनी स्वतः काढावे.

वस्तूसमोर

निवडलेल्या प्रत्येक वस्तूपाशी प्रथम दोन मिनिटे कोणीही बोलू नये. मुलांनी केवळ पाहावे. त्यानंतर शिक्षकाने माहिती न सांगता प्रश्न विचारावेत.

मूर्तीसमोर विचारावे : हात किती? कोणत्या हातात काय आहे? पायाशी कोण आहे? कोणता भाग तुटला आहे व कोणता झिजला आहे? मूर्ती कोणाची, हे नाव सर्वांत शेवटी सांगावे. नाव आधी कळले की मूल पाहणे सोडून देते.

नाण्यासमोर विचारावे : अक्षरे पुरी आहेत का? हाताने पाडलेल्या जुन्या नाण्यावर अक्षरे पुष्कळदा कडेला तुटलेली दिसतात. ठशावरील मजकूर मोठा व धातूचा तुकडा लहान, म्हणून ठोकताना जेवढी अक्षरे तुकड्यावर आली तेवढीच उमटली. हे कारण मुलांनी तर्काने शोधावे. हाताशी असलेला आजचा रुपया शेजारी धरून पाहिला म्हणजे यंत्राचे काम व हाताचे काम यांतील भेद कळतो.

ताम्रपटासमोर विचारावे : हा मजकूर कागदावर का लिहिला नाही? जमिनीचे दान पिढ्यान् पिढ्या चालावयाचे, तेव्हा त्याचा पुरावाही टिकाऊ हवा. पत्रे एकाहून अधिक असल्यास ते कड्यात का ओवतात, हेही विचारावे. मधला एखादा पत्रा कोणी काढून घेऊ नये वा बदलू नये, अशी ती योजना असते.

मोडी कागदासमोर ओळीची रेघ व अक्षरांची जोडणी दाखवावी. ही लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक घरांत लिहिली-वाचली जात होती. वर्गातील काही मुलांच्या पणजोबांनी ती लिहिली असेल.

खानदेशातील अनेक मुले घरी अहिराणी बोलतात. एखादे भांडे, दागिना वा अवजार पाहून मुलाच्या तोंडून त्याचे अहिराणी नाव आले, तर ते दुरुस्त करू नये. ते नाव वहीत लिहून घ्यावे. ते नावही जतन करण्याजोगी जुनी ठेव आहे.

चिठ्ठी वाचणे

या पाठाचा गाभा वस्तूखालील लहान चिठ्ठीत आहे. वस्तू कोठे सापडली, हे चिठ्ठीवर असल्यास मुलांनी ते गाव वहीत टिपावे. परतल्यावर ती सारी गावे नकाशावर दाखवावीत. सापडल्या जागेचे नाव हरवले म्हणजे सुंदर वस्तूही मुकी होते. ते नाव असले म्हणजे साधे खापरही बोलू लागते. तापीकाठचे प्रकाशे येथे १९५४-५५ मध्ये व गिरणाकाठचे बहाळ येथे त्याच दशकात उत्खनने झाली. धातू व दगड दोन्ही वापरणाऱ्या ताम्रपाषाणयुगातील माणसांची वस्ती या नद्यांच्या काठी होती, हे तेथील रंगीत खापरांवरून कळले. तीच खापरे कोणी जागेची नोंद न करता उचलून नेली असती, तर ती केवळ फुटकी मडकी ठरली असती.

दुसरे उदाहरण शिक्षकांस विशेष जवळचे वाटेल. चाळीसगावनजीक पाटणे येथील शके ११२८ चा उल्लेख असलेला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांपुढे आणला. 'लीलावती'कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून मठ स्थापिला व त्यास दाने मिळाली, असे त्यात कोरलेले आहे. लेखाच्या अखेरचा भाग जुन्या मराठीत असून बाजारातील देवघेवीतून मठास द्यावयाच्या हिश्श्यांची त्यात नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातील एका विद्यास्थानाच्या खर्चाची तरतूद लोकांनी दगडावर लिहून ठेवली होती! तो दगड एखाद्या ओट्यास लागला असता, तर ही हकीकत कोणास कळली असती?

परतल्यावर

दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाने एकाच वस्तूवर दहा ओळी लिहाव्यात व तिचे चित्र काढावे. त्यानंतर घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती, हे आजी-आजोबांना विचारून यावे. वस्तू शाळेत आणण्याचा आग्रह नसावा. नोंद आणली तरी पुरे. नोंदीत पाच गोष्टी असाव्यात : वस्तूचे नाव, ती कोठली, कोणाकडून आली, कशासाठी वापरीत, आणि तिची मापे. भोकाचा पैसा, पायली, शेराचे माप, बोरू, जुने पत्र अशा साध्या वस्तूंतून शाळेच्या कपाटात लहानसा संग्रह उभा राहू शकेल.

वस्तू शेकडो वर्षांची असलीच पाहिजे असे नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. लिहिले त्या दिवशी तो एक साधा कागद होता. आज त्यातील प्रत्येक पान मोलाचे ठरेल. शाळेची जुनी हजेरीपत्रके व शेरेबुके रद्दीत घालण्यापूर्वी शिक्षकाने एवढे स्मरावे.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. नाणी चिंचेने वा राखेने घासू नयेत, अक्षरे झिजतात. जुन्या कागदास चिकटपट्टी लावू नये. गावातील वीरगळ वा पुजेतील मूर्ती जागेवरून हलवू नये, तिला तेलरंग देऊ नये. तिची नोंद घेऊन चित्र काढावे. शेतात वा पाया खणताना नाण्यांचे मडके किंवा ताम्रपट निघाल्यास तो कोणी वाटून वा वितळवून टाकू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे आवश्यक आहे, हे मुलांबरोबर पालकांनाही समजावून द्यावे.

नांगराच्या फाळाला मडके लागते, तेव्हा तेथे संशोधक नसतो. पडके घर उतरविताना माळ्यावरचा पेटारा खाली येतो, तेव्हाही तो नसतो. बहुधा तेथे एखादे शाळकरी मूल उभे असते. 'थांबा, हे फेकू नका; हे कोठे निघाले ते लिहून ठेवू' असे ते म्हणाले, तर सहल सार्थकी लागली असे समजावे.