लोहमार्ग कोणाच्या पैशानें झाला?

आगगाडीचा इतिहास वाचतांना आपलें लक्ष बहुधा इंजिनाकडे जातें. रूळ कोणीं घातले व पैसा कोणीं भरला, हें आपण क्वचितच विचारितों. आज आम्ही वाचकांपुढें हाच प्रश्न ठेवितों.

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली गाडी निघाली. तीन इंजिनें, चौदा डबे, सुमारें ४०० पाहुणे आणि २१ मैलांचा प्रवास असा तो थाट होता. त्याच महिन्यांत गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनीं लोहमार्गाचे हेतु लिहून ठेविले. फौज त्वरेनें हलवितां यावी, कापूस बंदरावर यावा व विलायती माल देशांत खोलवर पोहोंचावा, हे त्यांतील मुख्य होत. रयतेचें मत कोणीं विचारिलें नव्हतें.

रयतेचा पैसा मात्र घेतला गेला. जी. आय. पी. रेल्वे कंपनीचे भागीदार बहुतेक इंग्लंडांतील होते. त्यांस दरसाल शेंकडा ५ व्याजाची सरकारी हमी होती. उत्पन्न कमी पडलें, तर तूट हिंदुस्थानच्या खजिन्यांतून भरावयाची. आणि त्या खजिन्याची मोठी जमा शेतसाऱ्याची. म्हणजे ज्या कुणब्यानें आगगाडी डोळ्यांनीं पाहिली नव्हती, त्याच्या साऱ्यांतूनही हें व्याज जात असे.

पुढें १८५७ चा उठाव झाला. १८५८ सालीं कंपनी सरकार जाऊन राणीचा अंमल सुरू झाला. राज्यकर्ता बदलला, पण हमी तशीच राहिली. फौजेसाठीं रूळ पसरण्याची घाई मात्र वाढली.

त्याच वेळीं बोरघाटांत काम चाललें होतें. १८५६ पासून १८६३ पर्यंत डोंगर फोडून सुमारें १६ मैलांची चढण व २५ बोगदे तयार झाले. ऐन भरांत तेथें ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकीनें पुष्कळ मेले. १८५९ च्या आरंभीं थकलेल्या मजुरीवरून तेथें दंगाही झाला. त्या माणसांपैकीं बहुतेकांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत.

१८७० सालीं मुंबई व कलकत्ता हीं शहरें रुळांनीं जोडलीं गेलीं. मग जें डलहौसींच्या टिपणांत नव्हतें तें घडलें. डिसेंबर १८८५ मध्यें राष्ट्रीय सभेच्या पहिल्या बैठकीसाठीं निरनिराळ्या प्रांतांतून ७२ प्रतिनिधि मुंबईस जमले. त्यांत दादाभाई नौरोजी होते. हिंदुस्थानांतून दरसाल विलायतेस किती पैसा जातो, याचा हिशेब त्यांनीं लोकांपुढें मांडिला होता. फौजेसाठीं घातलेल्या रुळांवरून हिशेब विचारणारे लोक एकत्र येऊं लागले.

यावरून आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, गांवांत रस्ता, पूल किंवा कालवा होतो, तेव्हां त्याचें कौतुक अवश्य करावें. परंतु पैसा कोणाचा, घाम कोणाचा व लाभ कोणास, हे तीन प्रश्न त्याच दिवशीं विचारावे. लोहमार्गाच्या बाबतींत ते विचारावयास आपणांस फार उशीर झाला.