गुन्हा नाही, तरी जप्ती?

प्रश्न: अमेरिकेत माझ्या मुलाची गाडी अडवून पोलिसांनी रोकड जप्त केली, गुन्हा मात्र नोंदवला नाही. हे कायदेशीर आहे का?

उत्तर: दुर्दैवाने, हो. तिथल्या दिवाणी जप्तीत खटला माणसावर नव्हे, पैशांवरच चालतो. मला ही पद्धत अन्यायाची वाटते. न्यू मेक्सिकोने ती २०१५मध्ये बंदच केली. पण आधी नोटीस शोधा. जप्ती केंद्रीय यंत्रणेची असेल, तर दाव्याची अंतिम तारीख त्या पत्रातच असते, बहुधा पत्र पाठवल्यापासून ३५ दिवसांची. ती हुकली की न्यायाधीशांपुढे न जाताच रक्कम सरकारजमा होते. शपथेवर दावा केला, तर पैशांचा गुन्ह्याशी संबंध सरकारला सिद्ध करावा लागतो. बँकेच्या पावत्या जपून ठेवा. राज्य पोलिसांची जप्ती असेल, तर तिथलाच वकील आजच गाठा. मुदती वेगळ्या असतात.