चि. निखिलला, लाकडांविषयी

चि. निखिल यास,


काल दादाचा फोन आला होता. तुझ्या व्हरमाँटच्या घराचं कौतुक करता करता सहज म्हणाला, सायलीचं हल्ली सकाळी डोकं दुखतं, थंडी बाधत असेल. मी विचारलं, बाहेर पडल्यावर थांबतं का? म्हणाला, हो, ऑफिसात पोचली की बरी असते. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. रात्री तुला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लाव म्हणून फोन केला तर "हो आत्या, लावतो अलार्म" म्हणून तू ठेवून दिलास. अजून लावला नसशील तर पुढे वाचू नकोस. सायलीला आणि मनूला घेऊन आधी घराबाहेर पड आणि 911 ला फोन कर. अग्निशमन दलाची माणसं येऊन घरातली हवा मोजतात. उगाच बोलावलं असं कोणी म्हणत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. न्हाणीघरात बंब पेटलेला असताना दार-खिडकी घट्ट लावली की आजी कशी ओरडायची, दादाला विचार. बंद जागेतला निखारा माणसाला झोपेतच नेतो, एवढं तिला ठाऊक होतं.

तुझ्या तळघरात तर निखाऱ्याशिवायच ही भीती आहे. जुन्या मालकाच्या कोळशाच्या खोलीत तू स्टोव्हसाठीचे लाकडी पेलेट्स सुटे ओतून ठेवलेस ना? ताजे पेलेट्स नुसते पडून असले तरी लाकडातल्या स्निग्ध द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन हाच वायू सुटतो. युरोपात अशा साठवणीच्या बंद खोल्यांत शिरलेली माणसं दगावली आहेत. त्या खोलीला बाहेर उघडणारा झरोका हवाच. तो होईपर्यंत आत कोणी जायचं नाही, आणि मनूला तर तळघराच्या जिन्याकडे फिरकू देऊ नकोस. पुढच्या वेळी 40 पौंडी पिशव्या घे, टनाला 50 येतात. त्या लाकडी पॅलेटवर रच, सिमेंटच्या जमिनीवर नको. ओल लागली की पेलेट फुगून भुसा होतो आणि स्टोव्हचा फिरता स्क्रू अडकतो.

आता लाकडं. दादा म्हणाला, लाकडाच्या स्टोव्हची काच तासाभरात काळी होते आणि ओंडक्यांच्या टोकांना फेस येतो. म्हणजे लाकूड ओलं आहे. विकणाऱ्याने 'सीझन्ड' म्हटलं आणि तू घेतलंस. निखिल, तू इंजिनियर ना रे? एक ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला मॉइश्चर मीटर लावून बघायला किती वेळ लागतो? वरून कोरडं दिसतंच. आत 20 टक्क्यांच्या खाली ओलावा हवा. नुकत्याच तोडलेल्या लाकडात अर्धं वजन पाण्याचं असू शकतं. तू पाणी विकत घेतलंस, आणि आता स्टोव्हची सगळी ऊब ते उकळण्यात घालवतो आहेस. ॲश, बर्च, मेपल फोडून रचलं तर साधारण वर्षभरात वाळतं. ओकला दोन उन्हाळे दे. अर्धा जन्म मी तुमच्या व्हरमाँटच्याच बर्लिंग्टनला काढला; तिथली जाणती माणसं या हिवाळ्याचं लाकूड गेल्या वसंतातच, नाहीतर त्याच्याही आधी रचून मोकळी झालेली असतात.

ओल्या लाकडाचा धूर थंड असतो. तो चिमणीत डांबरासारखा चिकटून बसतो, आणि एका रात्री तेच पेटतं. जळत्या चिमणीचा घरघराट मी शेजारच्या घरी ऐकला आहे. चिमणी साफ करणाऱ्याला या आठवड्यातच बोलाव. धुराची वाटच तुंबली असली तर सायलीचं डोकं त्यानेही दुखत असेल. अलार्म प्रत्येक मजल्यावर हवा, झोपायच्या खोल्यांबाहेर तर हवाच. वादळात वीज गेली की पेलेटचा स्टोव्ह बंद पडतो आणि सगळी भिस्त लाकडावर येते, म्हणून हे लाकडाचं मी धरून बसले आहे.

रास घरापासून लांब कर, उन्हा-वाऱ्याच्या बाजूला, जमिनीपासून उचलून. ताडपत्री फक्त वरून घाल. चहूबाजूंनी गुंडाळलीस तर ओलावा आतच कोंडतो. आणि मोडलेल्या डेकच्या फळ्या पेटवणं आजपासून बंद. 2003 च्या अखेरपर्यंत अमेरिकेत अशा लाकडात आर्सेनिक मुरवत असत. फळी जळली की ते धुरात जातं, उरलेलं राखेत, आणि ती राख तू सायलीच्या वाफ्यात टाकतोस! राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर. निखारे तिच्यात दिवसचे दिवस जिवंत राहतात.

आपल्या देवरुखच्या घरी आगोटीच्या आधी मागची पडवी सरपणाने भरलेली असायची. ऐन, किंजळ, सगळं मागल्या वर्षी तोडलेलं. लाकडं उलटीपालटी करायला आजी आम्हा मुलांना हाक मारायची. दादा जायचा, मी पुस्तक घेऊन माडीवर पळायचे. श्रावणात लाकडं सर्दली की आजी चुलीपुढे वाकून फुंकणी फुंकत राहायची, डोळ्यांतून पाणी वाहायचं. तिच्या हातातली फुंकणी मी कधी घेतली नाही. शेवटी तिला अंधुक दिसायचं तेव्हा मी बर्लिंग्टनला होते. पत्रं दादा वाचून दाखवायचा. तुझी काच काळी होते हे ऐकलं आणि रात्रभर तिचे ते लाल डोळे दिसत राहिले. म्हणून एवढी ओरडते आहे रे.

तू निष्काळजी नाहीस, मला माहीत आहे. नवं घर, लहान मूल, नोकरी आणि ती थंडी. घरी ऊब राहावी म्हणून तू पहाटे उठून स्टोव्ह पेटवतोस, हेही दादाने सांगितलं. ते सांगताना त्याचा आवाज भरून आला होता. तुला तो हे कधी बोलून दाखवणार नाही, म्हणून मी लिहिते.

या हिवाळ्यापुरतं भट्टीत वाळवलेलं लाकूड विकत घे. महाग असतं, ते पैसे मी पाठवते आहे. नको म्हणू नकोस आणि दादाला सांगू नकोस. आताचं ओलं लाकूड रचून ठेव, वाया जाणार नाही. अलार्म लावलास की फोटो पाठव. कितीही वाजले असोत, मी जागी आहे. सायलीला म्हणावं, डॉक्टरांना सगळं सांग, स्टोव्हचंही. मनूचा माझ्याकडून पापा घे.

तुझी,
आत्या